भिंतीची मागची बाजू

दुसरा अंक, शेवटून तिसरा प्रवेश. आईचं काम करणारी मुलगी खोलीबाहेर पडली, जाताना तिनं दार धाडकन ओढून घेतलं आणि वीस फुटांची भिंत हलली. नुसती थरथरली नाही. मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर झोके घेत राहिलं. चाळीतली खोली बिल्डरला देण्याच्या कागदावर नाटकातल्या मुलीनं नुकतीच सही केलेली, आई तिला शेवटचं बोलून निघून गेलेली, आणि प्रेक्षागृहात हशा.

मी विंगेत होते. माझ्या शेजारी नेपथ्य करणारी विद्यार्थिनी उभी होती. तिनं दोन्ही हातांनी काळा पडदा घट्ट धरला होता, जणू तो धरला की भिंत थांबेल.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण नंतरच्या बैठकीत त्याचा निकाल दोन वाक्यांत लागला: 'दार जड होतं. पुढच्या वेळी हलकं करा.' मला तो निकाल अपुरा वाटला, आजही वाटतो.

मुलगी, पदवी आणि वडिलांचा प्रश्न

आमची संस्था नवी मुंबईत आहे, नाव लिहीत नाही. तीन वर्षांची पदवी. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं करायचं: नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा, रंगमंच व्यवस्था. दुसऱ्या वर्षी दोन विषय उरतात, तिसऱ्या वर्षी एक. मी रंगमंच व्यवस्था शिकवते. त्याआधी बरीच वर्षं व्यावसायिक नाटकांबरोबर दौरे केलेत, तेव्हा बोलण्यात थोडा टेम्पोचा धूर येणारच.

नेपथ्य करणारी ही मुलगी कळव्याची. ठाण्याहून पनवेल लोकलनं यायची. पहिल्या वर्षी सेटच्या छोट्या मॉडेलचा खोका मांडीवर घेऊन लेडीज डब्यात बसायची आणि उतरेपर्यंत अर्ध्या डब्याला ते नाटक कशाबद्दल आहे ते कळलेलं असायचं. हात सुरेख. पुठ्ठ्यातून काढलेली तिची खिडकी पाहिली की आतून कुणीतरी डोकावेल असं वाटायचं.

प्रवेशाच्या वेळी तिच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "मॅडम, पदवी घेऊन ही शेवटी सुतारकामच करणार ना?" प्रश्नात टोमणा नव्हता, काळजी होती. मी त्यांना सांगितलं की आपल्याकडे नेपथ्यकार फार वेगवेगळ्या दारांनी आलेत. दामू केंकरे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे चित्रकलेतले माणूस. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली सुरू झालं, 1962 मध्ये इब्राहिम अल्काझी तिथे संचालक म्हणून गेले आणि नाटकाचं तंत्र ही शिकण्या-शिकवण्याची गोष्ट आहे हे देशभरात रुजलं. पण तिथे पदवीनंतर जायचं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी कलिन्याला आहे. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलसारख्या ठिकाणी तर रंगमंच निर्मितीची वेगळी पदवी आहे. अभिनयाशी संबंध न ठेवता मूल फक्त प्रकाश, फक्त प्रॉपर्टी (रंगमंचावर वापरायच्या वस्तू) किंवा फक्त सीनरी रंगवणं शिकू शकतं. आणि आपल्याकडचे निम्मे लोक कुठेच न शिकता, मिस्त्रीच्या हाताखाली वाढले. वडील म्हणाले, "म्हणजे सुतारकाम आहेच." मी हो म्हटलं. तेव्हा ते गमतीनं घेतलं, पण त्यांचं बरोबर होतं. आमच्या अभ्यासक्रमात तेच कमी पडत होतं.

सव्वातीन इंचाचं दार

तिच्या परीक्षेचं नाटक वर्गातल्याच एका मुलानं लिहिलेलं, दोन अंकी. नौपाड्यातली जुनी चाळ पुनर्विकासाला जाणार. एक खोली, आई, मुलगी, एक शेजारी. अख्खं नाटक त्या एका दाराभोवती फिरतं. कोण ठोठावतं, कोण कडी लावतं, कोण उंबऱ्यावर थांबतं, यावरच प्रवेश चढतात.

तिनं ठरवलं, दार खरं पाहिजे. आणि तिनं ते मिळवलंही. खरोखर पाडल्या जात असलेल्या एका चाळीतून सागवानी दार, चौकटीसकट, कडी-कोयंडा, वर हिरव्या रंगाचे पाच थर आणि आतल्या अंगाला कुणा पोराची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा. ते दार पाहून आम्ही सगळेच खुळावलो. दिग्दर्शक, मी, परीक्षकांपैकी एक जण, सगळे. आमचे सेट बांधणारे मिस्त्री मात्र त्याला हात लावून एवढंच म्हणाले, "ताई, घराला चांगलं आहे हे." नाटकाबद्दल ते काही बोलले नाहीत. तिला ते कौतुक वाटलं. मिस्त्रींना मी वीस वर्षं ओळखते. मला कळायला हवं होतं.

आपल्या रंगभूमीवर दार हा प्रकार तसा उशिरा आला. आधी जमाना रंगवलेल्या पडद्यांचा: महाल, जंगल, रस्ता, सगळं कापडावर. 1933 साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेनं खोलीच्या भिंती उभ्या केलेलं वास्तववादी नेपथ्य आणलं तेव्हा दार उघडायला लागलं, म्हणजे ते बंदही व्हायला लागलं. बंद होणाऱ्या दाराला मागे काहीतरी धरून ठेवावं लागतं. कापडावरच्या दाराला ती भानगड नव्हती.

तिचं मॉडेल अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाचं होतं. साडेसहा फुटांचं दार त्यात सव्वातीन इंचाचं. पुठ्ठ्याचं, कागदी बिजागरीवर, बोटानं ढकललं की मिटणारं. वजन काही ग्रॅम. खऱ्या दाराच्या फळीचं वजनच अडतीस किलो भरलं, चौकटीसह पंचावन्न. मॉडेलवर आम्ही भरभरून बोललो. रंग, पोत, उजेड कुठून येईल, खिडकीतून गॅलरी किती दिसेल. तिघा परीक्षकांपैकी एकानंही ते मॉडेल उचलून मागून पाहिलं नाही. मागून पाहण्यासारखं काही नव्हतंच. मागे फेविकॉल आणि मास्किंग टेप.

नकाशावर सही माझी आहे. हे इथे लिहायलाच हवं.

जागा बदलली

पहिले दोन प्रयोग आमच्याच सभागृहात झाले. रंगमंचाची उघडीप चोवीस फूट, जमीन फळ्यांची. भिंत म्हणजे चार बाय दहा फुटांचे पाच फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, एकमेकांना नट-बोल्टनं जोडलेले. एका सांध्याला चार, म्हणजे सोळा बोल्ट. मागून पाच टेकू, त्यांचे पाय सरळ जमिनीत स्क्रूनं आवळलेले. सेट लावायला दोन दिवस होते. दार आपटलं की खऱ्या सागवानाचा असा भरीव आवाज यायचा की पुढच्या रांगेतली माणसं दचकायची. दोन्ही प्रयोग उत्तम झाले, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला. वाईट गेले असते तर आम्ही काहीतरी बदललं असतं.

तिसरा प्रयोग सार्वजनिक नाट्यगृहात, दुपारच्या सत्रात. ज्यांनी व्यावसायिक नाटक केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळचा प्रयोग लांबला. तीन तास मिळायचे ते पावणेदोनच मिळाले. तुर्भ्याच्या शेडमधून निघालेला टेम्पो वेळेत आला, पण दहा फुटी फ्लॅट असल्यामुळे मोठी गाडी घ्यावी लागली होती, आणि ती मागच्या दाराशी लागेना. फ्लॅट रस्त्यावरून हातांनी आणले. मग बोल्ट. पान्हे दोन, हात आठ. पंचावन्न मिनिटं फक्त भिंत जोडण्यात गेली. प्रकाशाच्या विद्यार्थ्याला फोकस करायला पंधरा मिनिटं उरली. दारासाठी ठेवलेला पार कॅन, म्हणजे डब्यासारखा दिवा, पूर्ण प्रयोगभर नटांच्या गुडघ्यांवर पडत होता. त्याचाही निकाल लागला नाही, हशाखाली दबून गेला.

आणि तिथे जमिनीत खिळा-स्क्रू मारायला मनाई. ही मनाई रास्तच आहे. रोज तीन-तीन नाटकं लागणाऱ्या रंगमंचावर प्रत्येकानं भोकं पाडली तर महिन्यात चाळण होईल. दौऱ्यावरचं प्रत्येक नाटक हे धरूनच बांधलेलं असतं. आमच्या विद्यार्थिनीला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या वर्षी मीच शिकवलं होतं, परीक्षेत तिनं लिहिलंही होतं. पण टेकू नकाशात एक तिरपी रेघ होता, आणि त्या रेघेचा पाय कशावर उभा आहे हे नकाशा विचारत नव्हता.

लोखंडी वजनं एकूण सहा, वीस-वीस किलोची. पाच टेकूंना पाच, दाराशेजारच्या एकाला जास्तीचं सहावं. ते कमी वाटलं म्हणून मिस्त्रींनी कॅन्टीनमधून पाण्याचे दोन मोठे जार आणून टेकूंच्या पायांवर ठेवले. वीस लिटर म्हणजे वीस किलो, हिशोब चोख. पहिल्या अंकात दार चार वेळा उघडलं-मिटलं, काही झालं नाही. आपटायचं एकदाच होतं.

नेमकं काय झालं

बैठकीत तीन मतं होती. दिग्दर्शकाचं म्हणणं, नटीनं नेहमीपेक्षा जोरात ओढलं. नटी म्हणाली, नेहमीसारखंच. विद्यार्थिनी म्हणाली, जमीन वेगळी होती. तिघांचंही खरं आहे आणि तिघांनाही पूर्ण कारण सापडलं नव्हतं.

खोलीतलं दार आत, म्हणजे प्रेक्षकांकडे उघडत होतं, चाळीत उघडतं तसं. नटी बाहेर पडून ते आपल्याकडे ओढते. अडतीस किलोची फळी चौकटीवर आदळते तेव्हा सगळा धक्का भिंतीला मागे ढकलतो. भिंतीमागे टेकू आहे, तो तो धक्का आपल्या पायाकडे पाठवतो. पाय स्क्रूनं आवळलेला असेल तर गोष्ट तिथेच संपते. पाय नुसत्या वजनाखाली असेल तर? इथे बहुतेकांची गफलत होते. वीस किलोचं वजन ठेवलं म्हणजे वीस किलोचा जोर थोपवला असं वाटतं. तसं नसतं. गुळगुळीत जमिनीवर ते आडवं सरकायला सात-आठ किलोचा जोर पुरतो. घरातला गहू भरलेला डबा उचलत नाही पण पायानं सरकतो, तसं. जार ठेवून चाळीस केले तरी पंधराएक किलोत खेळ आटोपला. आपटलेलं सागवान त्याहून कितीतरी जास्त देतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जमीन पाहायला गेलो नाही, पण प्रयोग संपल्या संपल्या मी टेकूचा पाय खडूच्या खुणेशी ताडून पाहिला होता. दोन इंच मागे गेलेला. भिंतही तेवढीच कलती राहिली होती, आणि पुढचा अख्खा प्रवेश त्या कलत्या भिंतीसमोर झाला.

म्हणजे दार जड होतं हे खरंच. पण हेच दार पायाखाली रबर टाकलं असतं, टेकू दुप्पट केले असते तर कदाचित तरलं असतं. उलट हलकं दारही कोरड्या वजनांवर रोजच्या आपटण्यानं इंच-इंच सरकत गेलं असतं. चूक दाराच्या वजनात कमी आणि त्या वजनाचा प्रवास कुणीच कागदावर न काढण्यात जास्त होती. मोठ्या परदेशी संस्थांत डिझायनर चित्र देतो आणि ते उभं कसं राहील हे बांधणी विभाग वेगळ्या नकाशांत सोडवतो. आपल्याकडे तो विभाग म्हणजे नेपथ्यकार स्वतः, मिस्त्री आणि फोन. म्हणून आपल्या पदवीत ते नेपथ्यकारालाच शिकवायला हवं, रंगमंच व्यवस्थेच्या पेपरात पाच मार्कांची टीप म्हणून नाही.

माझी तक्रार गुणपत्रिकेशी होती, अजून आहे. मॉडेल, नकाशे आणि संकल्पना यांनाच सगळे गुण. सेट किती वेळात लागतो, किती गाडीत जातो, किती माणसं लागतात, याला शून्य. त्या हिशोबानं तिला पहिला वर्ग मिळत होता, भिंत हललेली असूनही. तिलाच ते पटलं नाही. "मॅडम, मला पुन्हा लावून दाखवू द्या," म्हणाली. संस्थेनं सहा आठवड्यांनी ठाण्यात एक प्रयोग दिला, या अटीवर की सेट दीड तासात लागला पाहिजे.

उलटा नकाशा

या वेळी मी तिला मॉडेल करू दिलं नाही. भिंतीचा मागचा नकाशा काढायला लावला. प्रेक्षकांची डावी तिथे उजवी होते, आणि पहिले चार दिवस ती नुसती त्यातच गोंधळत होती. मग प्रत्येक फ्लॅटवर आकडा, वजन, कोण उचलणार, कितवा जाणार. बोल्ट जाऊन पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्या आल्या. पिन घातली की सांधा तयार, पान्हा नको. फ्लॅट आठ फुटांचे झाले, वर दोन फुटांची वेगळी पट्टी, जी जुन्या घरांतल्या झालरीसारखी दिसते आणि टेम्पोत आडवी मावते. टेकूंच्या पायांखाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे. तो मिस्त्रींचा शोध नाही, सगळेच करतात, फक्त वर्गात कुणी सांगत नाही. भिंतीला दाराच्या दोन्ही बाजूंनी मागे वळणारे दोन फुटी फ्लॅट जोडले, म्हणजे ती एका रेघेवर उभी न राहता पुस्तकासारखी उघडून उभी राहिली. खिडकीतून कडेच्या खुर्च्यांना विंग दिसत होती, तिथेही तोच फ्लॅट कामाला आला.

आणि दार. पाइनच्या चौकटीवर दोन्हीकडून चार मिलिमीटरची प्लाय, तेरा किलो. रंगाचे पाच थर तिनं पुन्हा चढवून पुन्हा खरवडले. पेन्सिलीच्या रेघा मात्र काढल्या नाहीत. म्हणाली, त्या त्या घरच्या होत्या. दिसायला तंतोतंत. आपटलं की आवाज मात्र फरसाणाच्या डब्याचं झाकण पडल्यासारखा.

इथे ती दोन दिवस अडली. रेकॉर्ड केलेला आवाज लावून पाहिला. स्पीकरमधून येणारं दार स्पीकरमधूनच येतं, कान फसत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ते जुनं सागवानी दार चौकटीसकट विंगेत, भिंतीच्या अगदी मागे, जमिनीवर उभं केलं. प्रेक्षकांना न दिसणारं. त्याला कुठल्याही भिंतीला आधार द्यायचा नव्हता, फक्त आवाज द्यायचा होता. रंगमंचावरच्या दाराच्या चौकटीत फोमची पट्टी. नटी ते ओढते, ते मुक्यानं मिटतं, आणि त्याच क्षणी मागे रंगमंच व्यवस्थेचा मुलगा सागवान आपटतो. तो क्षण जुळायला आम्ही किती वेळा केलं ते मोजलं नाही. आवाज आधी आला की फजिती, उशिरा आला की त्याहून मोठी. शेवटी मुलानं नटीचा हात पाहणं सोडलं आणि तिच्या पायांकडे पाहायला लागला. ती उंबरा ओलांडताना डावा पाय टेकते, त्यानंतर एक श्वास. मग जमलं.

ठाण्याला सेट बहात्तर मिनिटांत लागला. मी घड्याळ घेऊन बसले होते. वडील आले होते, नऊ वाजून गेल्यावरही खुर्चीतून उठून सेट काढणं बघत थांबले. मिस्त्रींना त्यांनी विचारलं, "ही पिन कुठली?" दोघं त्यावर बराच वेळ बोलत होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. हशाच्या प्रयोगात, भिंत हलल्यावर, मुलीचं काम करणारी नटी काय करणार याकडे आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. ती काही वेळ बसून राहिली. कॅलेंडर अजून झोके घेत होतं. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तळहातानं ते कॅलेंडर हळूच थांबवलं. हशा तिथे मिटला. नाटकात नसलेली ती हालचाल दिग्दर्शकाला इतकी आवडली की त्यानं ती ठेवली.

आता भिंत हलत नव्हती, म्हणजे कॅलेंडरही हलत नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, ते हललंच पाहिजे. विद्यार्थिनीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी दुसरीकडे बघितलं. मग तिनं खिळ्याशेजारी भिंतीला बारीक भोक पाडलं, त्यातून तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) ओवला, कॅलेंडरच्या खालच्या पत्र्याच्या पट्टीला बांधला आणि मागे सागवानी दाराच्या चौकटीला अडकवला. दार आपटलं की तंगूस ताणतो, सुटतो, कॅलेंडर झोके घेतं. उलट्या नकाशात तिनं त्या जागी, क्यूच्या म्हणजे इशाऱ्याच्या क्रमांकासकट, लाल पेनानं लिहिलंय: 'फ्लॅट 3. तंगूस. क्यू 31. सैल ठेवणे.'